मंगळवाल्यांचा वाशिम मुक्काम

देवाने माझ्या डोक्यात उपयोगी माहितीसाठी एक कोनाडा आणि निरुपयोगी माहितीसाठी एक गोदाम अशी वाटणी केलेली आहे. गॅसचा ग्राहक क्रमांक, घरपट्टी भरायची शेवटची तारीख, सौ.च्या चष्म्याचा नंबर, यांपैकी काहीही मला विचारा. मी अत्यंत आदराने तुमच्याकडे पाहत राहीन. पण एच. जी. वेल्सच्या कालयंत्रात बसलेला माणूस भविष्यात कोणत्या साली जाऊन पोचतो, असं झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन : ८०२७०१. मागे बँकेच्या कार्डासाठी चार आकडी गुप्त क्रमांक निवडायची वेळ आली, तेव्हा मी ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ पुस्तकरूपाने निघाल्याचं साल घेतलं. ते मी कधीही विसरत नाही. विसरतो ते कार्ड. (हे छापून आल्यावर तो क्रमांक बदलावा लागेल, असं सौ.ने आत्ताच लक्षात आणून दिलं.)

जुन्या इंग्रजी विज्ञान-कादंबऱ्या आणि त्यांच्यावरून निघालेले सिनेमे हा माझा विषय. माझ्या बरोबरीच्या लोकांना ब्रिज, नाट्यसंगीत, झालंच तर मधुमेह असे खानदानी छंद आहेत. मला हा कसा लागला, हे मीच बरीच वर्षं लोकांपासून लपवून ठेवलं होतं. आज सांगून टाकतो. याला आमचे इंग्रजीचे सर, एक मिसळणाचा डबा आणि १९७२चा दुष्काळ, हे तिघे जबाबदार आहेत.

त्या वर्षी मी वाशिमला आठवीत होतो. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. छोट्या रुळांवरची गाडी अकोल्याहून निघाली की वाटेत प्रत्येक स्टेशनाची ख्यालीखुशाली विचारत विचारत आमच्या गावी पोचायची. अशा गावात आमच्या सरांकडे इंग्रजी कादंबऱ्यांचा एक ढीग होता. नागपूरला शिकत असताना रद्दीच्या दुकानांतून त्यांनी तो जमवलेला होता. बहुतेकांना कव्हर नव्हतं. सर तिशीचे, अंगाने काटक, आणि सायकलला इतके चिकटलेले, की पायी चालताना दिसले तर सायकल पंक्चर झाली असणार हे गावाला कळे.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास सरांचा. पंधरा मिनिटं ते ‘चेंज द व्हॉइस’ घेत. ‘रामा किल्ड रावणा’चा ‘रावणा वॉज किल्ड बाय रामा’ झाला की खडू खाली ठेवत, टेबलावर बसत आणि म्हणत, “हं, मागच्या शनिवारी कुठी थांबलो होतो?” आमचा वर्ग एका सुरात ठिकाण सांगे. मंगळवाले तेव्हा रिसोडपर्यंत आलेले असत.

होय, रिसोडपर्यंत. सरांनी आम्हाला सांगितलेल्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळावरचे लोक प्रथम लोणारला उतरले. लोणारचं विवर आमच्यापैकी काहींनी पाहिलेलं होतं. पावणेदोन किलोमीटरांहून रुंद असा तो वाटोळा खड्डा आणि तळाशी खारं पाणी. तो ज्वालामुखीचा की आकाशातून पडलेल्या अशनीचा, हा वाद विद्वानांत तेव्हा चालूच होता. अशनीच्या बाजूचा भक्कम पुरावा १९७३ साली ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आमच्या सरांनी वर्षभर आधीच सांगून टाकलं होतं, की वस्तू वरूनच पडली आणि आत माणसं होती.

मंगळवाल्यांच्या तीन पायांच्या यंत्राचं वर्णन सरांनी एका वाक्यात उरकलं. “वावरातलं मचाण पाह्यलं न? त्याचा एक पाय काढा अन् त्याले चालाले लावा.” त्या दिवसापासून संध्याकाळी मचाणाजवळून एकट्याने जायची आमची कुणाची छाती नव्हती. हे मचाण लोणारहून निघालं आणि एस.टी.ला लागायचा त्याच्या निम्म्या वेळात रिसोड ओलांडून वाशिमच्या वेशीवर आलं. त्याच्या किरणाने जिनिंग फॅक्टरीतल्या कापसाच्या गंज्या पेटल्या. मग मंगळावरचं लाल गवत सगळीकडे पसरू लागलं. हे लाल गवत वेल्सच्या पुस्तकात खरोखरच आहे. पण आमच्या वर्गाने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला. त्या वर्षी रेशनच्या दुकानात मिलो नावाची लाल रंगाची परदेशी ज्वारी मिळत होती. ती अमेरिकेतून येते असं मोठी माणसं सांगत. आम्हाला मात्र ती कुठून येते ते पक्कं ठाऊक होतं, आणि तिची भाकरी खाल्ल्यावर तर शंकाच उरली नाही.

दुष्काळाने मराठवाड्याला जास्त भाजलं, पण वाशिम मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच उभं आहे. झळ लागणारच. शाळा सुटली की दप्तर टाकून आम्ही हंडे-कळश्या घेऊन विहिरीवर रांगेत उभे राहायचो. रांगेत मंगळवाल्यांची चर्चा चाले. विहिरीच्या तळातून बादलीत चिखल येऊ लागला, तेव्हा हे काम त्यांचंच, यावर आमचं एकमत झालं.

अखेर एका शनिवारी सरांनी गोष्ट संपवली. मंगळवाले गावावर चाल करून येणार, लोक घरंदारं सोडून निघाले, आणि आभाळ भरून आलं. मातीचा वास सुटला. पहिला थेंब मंगळवाल्याच्या यंत्रावर टप्पकन पडला. मग सरांनी पाऊस असा काही पाडला, की तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना. मंगळावर पाऊस नसतो, त्यामुळे मंगळवाल्यांना भिजायची सवय नाही. ते गारठले, त्यांना सर्दी झाली, ताप भरला आणि रात्रीतून सगळे मेले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “सर, किती पडला?” सर म्हणाले, “नाले भरून वाह्यले बाप्पा! विहिरी हाताने पानी काढावं इतक्या भरल्या.” आम्ही घरी जाताना आभाळाकडे पाहत गेलो. आभाळ स्वच्छ होतं.

त्या वर्षात सरांनी आम्हाला अशा चार-पाच कादंबऱ्या सांगितल्या. अदृश्य माणूस थंडीच्या दिवसांत शेवटच्या गाडीने वाशिमच्या स्टँडवर उतरला : डोळ्यांना गॉगल, तोंडाला मफलर. पिठाच्या गिरणीत त्याची पावलं उमटली आणि रस्त्यात पावसाने गाठलं तेव्हा त्याचा सगळा आकार दिसला. ‘ट्रिफिड’ नावाची चालणारी विषारी झाडं म्हणजे आमच्या नाल्याकाठची बेशरम. तिला पाय फुटले आणि ती पाणी शोधत गावात शिरली. मग पाऊस आला, तिने मुळं चिखलात रोवली आणि ती चालायचंच विसरली. कालयंत्राच्या बाबतीत सरांनी एक महत्त्वाची गोष्ट बजावून सांगितली, की ते यंत्र काळात पुढेमागे जातं, जागेवरून हलत नाही. म्हणजे वाशिमात बसाल तर वाशिमातच उतराल. दीड हजार वर्षं मागे गेलात तर इथेच वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, आणि ज्याच्या काळात अजिंठ्याची लेणी कोरली गेली तो हरिषेण राजा. “आज तालुका हाये, तेव्हा राजधानी होती,” सर म्हणायचे, “अन् पुढं गेले तर जिल्हा झालेला दिसंल.” सगळा वर्ग हसला होता.

पुढे शिकलो, बँकेत चिकटलो, लग्न झालं, पुण्याला बदली झाली. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ सुरू झालं आणि गल्लोगल्ली प्रश्नमंजूषेची साथ आली. पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातही ती ठेवण्यात आली. पहिलं बक्षीस होतं स्टेनलेस स्टीलचा, झाकणातून आतलं दिसणारा मिसळणाचा डबा. सौ.ने तो आधीच पाहून ठेवला होता. स्वयंपाकघरातली जागाही पुसून ठेवली होती.

मी आणि शेजारच्या ब्लॉकमधले एक इंजिनिअर अशी बरोबरी झाली. शेवटचा प्रश्न आला : ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत मंगळावरचे लोक कशाने मरतात? मला गगन ठेंगणं झालं. पुण्याच्या सोसायटीत वाशिमचा शनिवार माझ्या मदतीला धावून आला होता. मी ताटलीवर चमचा आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “पावसाने!”

मांडव हसला. मी स्पष्टीकरण दिलं, “म्हणजे भिजल्यामुळे सर्दी होऊन.” मांडव जास्त हसला. इंजिनिअरांनी थंडपणे “जंतू” असं उत्तर दिलं. पृथ्वीवरच्या रोगजंतूंशी लढायची ताकद मंगळवाल्यांच्या अंगात नसते, म्हणून ते मरतात, असं त्यांनी वर समजावून सांगितलं. सर्दीही जंतूंनीच होते, हा माझा मुद्दा ढोलताशांत बुडाला. डबा शेजारच्या ब्लॉकमध्ये गेला. घरी आल्यावर सौ. एवढंच म्हणाली, “अहो, कोणी शिकवलं तुम्हाला हे?” या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीचं सभासदत्व घेतलं.

त्यानंतर मी जे वाचत आणि पाहत सुटलो, ते आजतागायत. पुस्तक वाचायचं आणि भाड्याने व्हीसीआर आणून सिनेमा पाहायचा. आणि माझ्या हळूहळू लक्षात येऊ लागलं, की या प्रांतात पुस्तकात आहे तसं सांगणारा इसम सापडणं कठीण.

वेल्सचे मंगळवाले उतरले इंग्लंडमधल्या वोकिंग गावाजवळच्या माळावर. १९३८ साली ऑर्सन वेल्स नावाच्या तरुणाने (आडनावाचा उच्चार तोच, नातं काही नाही) अमेरिकेत रेडिओवर हीच गोष्ट बातम्यांच्या थाटात सादर केली, तेव्हा ते उतरले न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलला. ऐकणाऱ्यांतल्या काहींना ते खरंच वाटलं. किती घाबरले, ते वर्तमानपत्रांनी चांगलं फुगवून छापलं. १९५३च्या सिनेमात मंगळवाले कॅलिफोर्नियात उतरले, म्हणजे सिनेमावाल्यांना घरून डबा मागवता येईल अशा अंतरावर. तीन पायांची यंत्रं चालवून दाखवणं जड गेलं, तेव्हा त्यांनी पाय डोळ्यांना न दिसणारे आहेत असं ठरवून यंत्रं तरंगत ठेवली. वर त्या सिनेमाला दृश्यकरामतींचं ऑस्कर मिळालं! आमच्या सरांनी निदान मचाणाचा एकच पाय काढला होता.

कालयंत्रावर १९६० साली सिनेमा निघाला. कादंबरीतल्या प्रवाशाला नावच नाही. सिनेमावाल्यांनी त्याला जॉर्ज म्हटलं आणि यंत्रावर ‘एच. जॉर्ज वेल्स’ अशी पाटी ठोकून लेखकालाच आत बसवला. २००२ साली पुन्हा सिनेमा निघाला, त्याचा दिग्दर्शक सायमन वेल्स हा लेखकाचा सख्खा पणतू. आता तरी घरचा माणूस पणजोबांचा शब्द पाळेल, असं वाटलं होतं. पण नातेवाइकांवर विसंबून राहण्यात अर्थ नसतो.

मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव. त्याने तयार केलेला प्राणी बिननावाचा, पण चांगला वाचनप्रिय. तो मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो आणि आपली बाजू पानंच्या पानं मांडतो. १९३१च्या सिनेमात त्याच्या मानेत दोन खुंट्या बसवल्या आणि बोलणं बंद केलं. पुढे लोकांनी मालकाचं नावही त्यालाच देऊन टाकलं. आर्थर क्लार्कच्या ‘२००१’ या कादंबरीत यान शनीकडे जातं, १९६८च्या सिनेमात गुरूपाशीच थांबतं. शनीची कडी पडद्यावर मनासारखी जमेनात, म्हणून! मुक्कामाचं ठिकाण जमत नसेल तर अलीकडच्या स्टॉपवर उतरावं, ही एस.टी.ची रीत थेट अंतराळात गेलेली पाहून मला गहिवरून आलं.

अदृश्य माणसाची तर कथाच निराळी. १९३३च्या सिनेमात क्लॉड रेन्स या नटाने मुख्य काम केलं आणि त्याचा चेहरा दिसला तो अगदी शेवटी, नायक मेल्यावर. आपल्याकडे ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोककुमार अदृश्य झाला, १९६४च्या ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’त किशोरकुमार. १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’त अनिल कपूर नुसत्या मनगटावरच्या यंत्राने अदृश्य होतो, तेही कपड्यांसकट. वेल्सच्या माणसाला बिचाऱ्याला इंग्लंडच्या थंडीत सगळे कपडे उतरवून हिंडावं लागतं. आपल्या संस्कृतीचं श्रेष्ठत्व यावरून सिद्ध होतं.

पण मराठीतला सगळ्यात यशस्वी अदृश्य माणूस पडद्यावर नव्हे, पाकिटात सापडला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या कुणा लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. नावाची आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल. तेही विज्ञान-कादंबरीकार. त्यांच्या १९५७च्या ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये अंतराळातला एक काळा ढग सूर्याला झाकून टाकतो, आणि तो ढग विचार करणारा असतो. हॉइल यांच्या सहभागाने लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही मालिका बीबीसीने १९६१ साली दाखवली आणि पुढे तिचा बहुतेक भाग हरवूनही टाकला. एखादी कलाकृती खरोखर अदृश्य कशी करावी, हे बीबीसीलाच जमलं.

इतकी विद्या मिळवायला मला पुढे बरीच वर्षं लागली. पण पहिल्या वर्षातच मी एका फुलस्केप कागदावर सरांच्या चुकांची यादी केली होती. एकूण सतरा निघाल्या. १९८७च्या दिवाळीत वाशिमला गेलो, तेव्हा ती खिशात होती. खरं सांगायचं तर मी भांडायलाच गेलो होतो. सौ.चा डबा गेला होता, मांडवात शोभा झाली होती, आणि ज्या माणसामुळे मला पुस्तकांची गोडी लागली त्यानेच आपल्याला खोटं सांगावं, हे मनाला लागलं होतं. मी मनात एक सौम्य तर्कही केला होता. सरांच्या पुस्तकाची शेवटची पानं उंदरांनी खाल्ली असावीत आणि सरांनी वेळ मारून नेली असावी.

सर अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी नमस्कार केला, फराळ झाला, आणि मी यादी काढली.

“पहिली चूक, सर. मंगळवाले लोणारला उतरलेच नाहीत.”

“मंग कुठी उतरले?”

“वोकिंगला.”

“काहून?”

“वेल्स तिथं राहत होता. नुकताच सायकल शिकला होता. गावाभोवती सायकलने हिंडून, मंगळवाल्यांकडून कोणती कोणती ठिकाणं उद्ध्वस्त करवायची ते त्याने पाहून ठेवलं होतं.”

सरांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तो कुठी राहत होता?”

“वोकिंगला.”

“मी कुठी राह्यतो?”

मी सतरापैकी नऊ चुकांवर काट मारली. त्या सगळ्या वाशिमच्याच होत्या.

“पुढं?”

“अदृश्य माणूस पावसात दिसतो, हे पुस्तकात नाही.”

“पुस्तक नीट वाच.” (हे मी पुण्याला परतल्यावर पुन्हा वाचलं. पाऊस आला तर आपला आकार लोकांना दिसेल, ही भीती अदृश्य माणूस स्वतःच बोलून दाखवतो. सर बरोबर होते.)

“आणि मंगळवाले पावसाने मरत नाहीत. वादळ आहे, गारा आहेत, पण त्या मध्येच. शेवटी मरतात ते जंतूंनी. तुमच्या पुस्तकाची शेवटची पानं...”

सर उठले, आत गेले आणि बिनकव्हरचं पुस्तक घेऊन आले. मी शेवट उघडला. सगळी पानं जागच्या जागी होती. जिथे मंगळवाले मरतात, तिथे समासात पेन्सिलीची बारीक रेघसुद्धा होती.

“मग सर, पाऊस कुठून आला?”

सर पुन्हा सायकलजवळ जाऊन बसले. चेन बसेपर्यंत काही बोलले नाहीत.

“मागची बाकं आठवतात तुले?” ते म्हणाले. “रोज एक-दोन पोट्टे कमी होत होते. कोनी मायबापासंगं खडी फोडाले, कोनी गाव सोडून. शनवारी मात्र येत होते, गोष्टीसाठी. काही तर उपाशी येत. त्यायले काय सांगू, की जंतू आले अन् सारे मेले? जंतू त्या पोट्ट्यायले माहीतच होते. पाऊस विसरून राह्यले होते.”

मला तो मागच्या बाकावरचा प्रश्न आठवला : सर, किती पडला? त्या दिवशी आम्ही हसलो होतो. त्याच्या घरचे पुढच्याच आठवड्यात गाव सोडून गेले, हे आता इतक्या वर्षांनी ध्यानात आलं. १९७३चा पाऊस चांगला झाला, पण तो मुलगा काही आमच्या वर्गात परत आला नाही.

मी यादीची घडी करून खिशात ठेवली. सरांनी विचारलं, “बक्षीस काय होतं?” मी सांगितलं. “डबा न? बाजारात भेटते तो,” म्हणाले.

पुण्याला आल्यावर काही महिन्यांनी ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’चा जुना सिनेमा हाती लागला. जॉन विंडहॅमच्या १९५१च्या कादंबरीत त्या चालत्या झाडांवर असा सोपा उतारा नाही. माणसं कशीबशी एका बेटावर जाऊन राहतात आणि पुढच्या लढाईची तयारी करतात. पण सिनेमा संपतो कसा? दीपगृहात अडकलेलं एक जोडपं त्या झाडांवर समुद्राचं पाणी फवारतं आणि झाडं विरघळून जातात! पाणी! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. सौ.ला वाटलं, डबा मिळाला. मी त्याच रात्री सरांना कार्ड टाकलं, की सर, इंग्रजांनीसुद्धा शेवटी पाणीच वापरलं, फक्त समुद्राचं. आठ दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ होती : “त्यांच्याकडे समुद्र होता.”

तेव्हापासून पुस्तक श्रेष्ठ की सिनेमा, या वादात मी पडत नाही. प्रत्येक जण गोष्ट आपल्या गावात उतरवतो आणि समोर बसलेल्यांना हवा तो शेवट करतो. समोर बसलेले कोण आहेत, ते नीट पाहिलं म्हणजे झालं. कुणी तिकिटाकडे पाहतो, कुणी मागच्या बाकांकडे.

सरांची एक भविष्यवाणी तर तंतोतंत खरी ठरली. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला. त्याच वर्षी, कादंबरीला शंभर वर्षं झाली म्हणून, वोकिंग गावात मंगळवाल्यांच्या तीन पायांच्या यंत्राचा सात मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला. वोकिंगला मंगळवाला मिळाला, आम्हाला कलेक्टर. ज्याचं त्याचं नशीब.

२०२० सालच्या जून महिन्यात, आपण सगळे जंतूंच्या भीतीने दारं लावून बसलो होतो तेव्हा, एके दिवशी सकाळी सरांचा फोन आला. वय ऐंशी. आवाज मात्र शनिवारच्या शेवटच्या तासाचा. “टीव्ही लाव! लोणारचं पानी लाल झालं! मी सांगतलं होतं न, लाल गवत येते म्हनून?” तळ्याचं पाणी खरोखरच गुलाबी झालं होतं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, की त्यात मिठात राहणारे सूक्ष्मजीव माजतात, त्यांचा तो रंग, असं पुढे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. म्हणजे लाल रंगही जंतूंचाच. मी तसं सरांना कळवलं. ते म्हणाले, “पाह्य, वेल्सचंही खरं अन् माझंही खरं.” काही दिवसांनी पाऊस पडू लागला आणि गुलाबी रंग हळूहळू ओसरला. त्यावर सरांनी काही भाष्य केलं नाही. करायची गरज नव्हती.

मागच्या दिवाळीत त्यांना भेटून आलो. ऐकू कमी येतं, सायकल भिंतीला टेकून उभी असते. मी हौसेने त्यांना मोबाइलवर २००५चा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लावून दिला. स्पीलबर्गचा, टॉम क्रूझ असलेला. त्याच्या शेवटी आजी-आजोबा म्हणून दारात उभी राहणारी जोडी ही १९५३च्या सिनेमातली नायक-नायिका आहे, ही माहिती त्यांना कधी एकदा सांगतो असं मला झालं होतं. सरांनी अर्धा तास डोळे बारीक करून पाहिलं. इमारती कोसळत होत्या, टॉम क्रूझ पोरांना घेऊन धावत होता. मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

“हे पोट्टं नुस्तं पळूनच राह्यलं,” ते म्हणाले. “पाऊस केव्हा येते?”